अमुक वल्द तमुक

आमच्या घरच्या जुन्या खरेदीखतांत कोणीही मनुष्य एकटा येत नसे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते त्या अमदानीतील त्या कागदांत ‘मारोती वल्द गणपत, उमर चाळीस, पेशा काश्तकारी’ असा तो बापाच्या नावासकट सपरिवार अवतीर्ण होई. कारण शेजारच्या धुऱ्यावर ‘मारोती वल्द सखाराम’ बसलेलाच असे, आणि एकाचा सारा दुसऱ्याच्या माथी बसला तर कज्जा थेट दिवाणीत जाई.

कंपायलरची परीक्षा घेणे हा उद्योग पोटासाठी पत्करल्यावर हे कागद मला फिरून आठवले. सी प्लस प्लस या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शने सुखेनैव नांदतात, आणि निरनिराळ्या फाइली जोडणाऱ्या लिंकरच्या दप्तरी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून कंपायलर प्रत्येकाच्या नावाला त्याच्या अर्ग्युमेंटांचे गोत्र चिकटवतो. रोमन लिपीत ‘बेरीज’ लिहून तिला दोन इंटिजर, म्हणजे पूर्णांक, दिले, तर लिनक्सवरील जीसीसी तिचे नाव ‘अंडरस्कोर झेड ५ बेरीज आय आय’ असे ठेवतो. ५ हा अक्षरांचा आकडा, दोन ‘आय’ हे दोन इंटिजर, आणि डबल, म्हणजे दशांश संख्या, दिले की शेवटी ‘डी डी’. इंग्रज याला नावाची चिरफाड म्हणतो. वास्तविक ही शुद्ध वल्दियत होय. मात्र साध्या फंक्शनने काय घेतले तेवढेच तीत लिहितात, परत काय दिले याची नोंदच नसते. माझी पुस्तके उसनी नेणाऱ्या स्नेह्यांना हे शास्त्र उपजतच अवगत आहे.

माझी परीक्षा अशी, की एका फाइलीत बेरजेचे डिक्लरेशन दोन इंटिजरांचे करावे, दुसरीत प्रत्यक्ष फंक्शन दोन डबलांचे लिहावे, आणि लिंकरने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून ठणाणा केला की कंपायलर उत्तीर्ण! लिंकर मुकाट्याने मान डोलावील त्या दिवशी माझी झोप उडते. सी भाषेत नुसते नाव जुळले की जोडून मोकळे होत, मग उत्तर काही का येईना. या बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी सी प्लस प्लसचे कर्ते बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी तिच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत वल्दियत सर्रास लागू केली. आपल्या राज्य सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव घातले, तेव्हा एक अर्ग्युमेंट वाढले म्हणून मला कोण आनंद झाला!

अशा दक्ष मनुष्याच्या नावाची एका कचेरीने मात्र खरोखरीच चिरफाड केली. दाखल्यावर काना गळून ‘वामन’चा मी ‘वमन’ झालो. कचेरीबाहेर निंबाखाली बसलेल्या वृद्ध अर्जनवीसांनी ‘वमन व वामन ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र बडवले आणि पेशा विचारला. मी त्यांना लिंकरपर्यंत सर्व विस्ताराने समजावले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

“म्हणजे आमचंच काम करून राहिले ना भाऊ तुम्ही,” ते म्हणाले. “आता सांगा, सही कोणत्या नावानं करता? दाखल्यावरच्या, का आईबापानं ठेवलेल्या?”