बंदीतून सुटलेला बॉलर

जेऊरात फुटबॉल खेळणारा माणूस शोधून काढावा लागेल. फुटबॉलवर मत नसलेला माणूसही शोधूनच काढावा लागेल. उजनीचं पाणी, केळीचा दर आणि कुठल्या गाडीला थांबा मिळणार या तीन विषयांतून वेळ उरला, की स्टेशनाजवळच्या चहाच्या गाड्यावर जगातल्या कुठल्याही खेळाचा निकाल लागतो. परवा मात्र विषय घरचा होता. यात्रेतल्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी आमच्या टीमला एक फास्ट बॉलर हवा आहे आणि बॉलर उपलब्ध आहे. अडचण एवढीच, की दोन वर्षांपूर्वी एलबीडब्ल्यूचं अपील फेटाळलं म्हणून त्यानं अंपायरच्या डोक्यात स्टंप घातला होता. स्पर्धेच्या कमिटीनं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. ती यात्रेच्या आदल्या अमावस्येला संपते.

निवड समितीत आम्ही तिघे. आबा, कारण टीशर्टचा खर्च त्यांचा. गुरुजी, कारण संस्कार हा विषय त्यांच्याकडे. आणि मी, कारण मी पेपर वाचतो.

‘‘पोरांपुढं काय आदर्श ठेवणार आपण?’’ गुरुजींनी सुरुवात केली.

‘‘मारलं डाव्या हातानं,’’ आबा म्हणाले, ‘‘बॉलिंग टाकतो उजव्या हातानं. उजव्या हाताचा काय गुन्हा?’’

हा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, पण क्रीडाविश्वाचा इतिहास बराचसा याच पायावर उभा आहे. पुण्याचंच घ्या. 2015 साली एफसी पुणे सिटीनं इंडियन सुपर लीगमध्ये बिनीचा खेळाडू म्हणून कुणाला आणलं? रुमानियाच्या एड्रियन मुटूला. चेल्सीत असताना 2004 मध्ये कोकेनच्या चाचणीत सापडला, सात महिने बंदी. बंदी चालू असतानाच युव्हेंटसनं त्याला पदरात घेतलं. पुढे फिओरेंटिनात असताना 2010 मध्ये दुसऱ्या द्रव्यानं दुसरी बंदी, नऊ महिने. शिवाय करार मोडल्याबद्दल चेल्सीला 1 कोटी 70 लाख युरोंहून जास्त भरपाई द्यावी, असा निकाल डोक्यावर. एवढं सगळं घेऊन गृहस्थ बालेवाडीत आले, तेव्हा पुणेकरांनी काय विचारलं? ‘गोल करणार का?’ एरवी भाडेकरू ठेवताना गावाकडचा पत्ता, लग्न झालंय का आणि मांसाहार करता का, एवढं विचारून घेणारं हे शहर!

मी ही माहिती मांडल्यावर गुरुजी थोडे मऊ झाले. ‘‘पण तो परदेशी. बाहेरच्याला आपण सूट देतो. आपल्या पोरांचं काय?’’

आपल्या पोरांचं म्हणाल, तर फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते याच गाड्यावर पन्नास वेळा उगाळून झालंय. पंचांच्या निकालावरून शिवराज राक्षेचा पारा चढला, मग अंतिम कुस्तीत आपल्या सोलापूरच्या महेंद्र गायकवाडनं आखाडा सोडला, गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्री अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकही माणूस असा नव्हता ज्याला कुस्तीचे नियम ठाऊक नव्हते. गुरुजी तर म्हणाले होते, ‘‘हा अन्याय आहे, पोराचं रक्त तापणारच.’’ मी त्यांना त्याची आठवण करून दिली. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तुटेपर्यंत बाहेर काढलं नाही.

दोन महिन्यांत आमच्या शेजारच्या कर्जतला दुसऱ्या संघटनेनं दुसरी महाराष्ट्र केसरी भरवली. तिथं सोलापूरच्याच वेताळ शेळकेनं गदा आणली आणि जिल्ह्याचा नियमांवरचा विश्वास पूर्ववत झाला. राज्यात संघटना दोन, केसरी दोन. बंदी घालणारे तरी कुठं धुतल्या तांदळाचे? भारतीय कुस्ती महासंघाला ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक संघटनेनं निलंबित केलं, डिसेंबरात आपल्या क्रीडा मंत्रालयानं. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये फिफानं अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं. ती बंदी दोन आठवड्यांच्या आत उठलीही. सगळ्या देशाच्या फुटबॉलला दोन आठवडे, आमच्या बॉलरला दोन वर्षं. स्टंप फारच जोरात बसला असला पाहिजे.

आबांना आयपीएलचा दाखला जास्त पटतो. 2015 मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थान या दोन टीमना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. या बंदीचा फायदा कुणाला झाला? पुण्याला. रिकाम्या जागेवर पुण्याची टीम आली आणि 2017 च्या फायनलमध्ये मुंबईकडून एका धावेनं हरली. दुसऱ्याच्या सुतकात जेवायला बसलो आणि तरी उपाशी उठलो, असं आबा याचं वर्णन करतात. 2018 मध्ये दोन्ही टीम शिक्षा भोगून परतल्या. कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे घरचे सामने थेट पुण्याजवळ गहुंज्याला हलवावे लागले आणि 20 एप्रिलला तिथं पहिली मॅच कुणाची? चेन्नई विरुद्ध राजस्थान! दोन्ही बाजूंना बंदी भोगून आलेले. चेन्नईच्या पाठीराख्यांसाठी चेन्नईहून पुण्याला खास रेल्वेगाडी सोडली होती. चेन्नईहून पुण्याला यायचं म्हणजे सोलापूर, कुर्डुवाडी, जेऊर, दौंड, रूळ आमचेच. आम्ही एकेका थांब्यासाठी निवेदनं देतो आणि निलंबन संपवून आलेल्या टीमला टाळ्या वाजवायला आख्खी गाडी सुटते. वॉटसननं शतक ठोकलं, चेन्नई 64 धावांनी जिंकली आणि महिन्याभरानं वानखेडेवर करंडकही घेऊन गेली. त्यानंतर त्या दोन वर्षांचं नाव कुणी काढलं नाही.

बंदीची मुदत कमिटीच्या कागदावर लिहिलेली असते, हा भाबडेपणा आहे. खरी मुदत स्कोअरबोर्डावर असते. इटलीचा पावलो रॉस्सी सामना-निश्चितीच्या प्रकरणात दोन वर्षं बाहेर होता. 1982 च्या वसंतात परतला, त्याच वर्षीच्या वर्ल्डकपमध्ये सहा गोल केले, त्यातले तीन एकट्या ब्राझीलला, आणि देशाचा लाडका झाला. उरुग्वेच्या सुआरेझनं 2014 च्या वर्ल्डकपमध्ये किएलिनीच्या खांद्याला दात लावले. चावण्याची ती तिसरी वेळ. त्याला चार महिन्यांची बंदी लागली आणि तीन आठवडे उलटायच्या आत बार्सिलोनानं त्याला विकत घेतलं. बैल मारका आहे हे बाजारात कळलं की आपल्याकडे भाव पडतो. तिकडे चढतो.

याच्या उलट आपला नरसिंग यादव. लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी हातात पडली. माझ्या अन्नात कुणीतरी उत्तेजक कालवलं, असं तो सांगत राहिला. चार वर्षं पुरती भोगून 2020 च्या डिसेंबरात बेलग्रेडच्या वर्ल्डकपमध्ये उतरला, तेव्हा किती जणांनी टीव्ही लावला? मी लावला नव्हता. इथं खोटं बोलून उपयोग नाही.

सरकारी निलंबनाची गोष्ट आणखी निराळी. तिथं घरी बसल्याबद्दल निर्वाह भत्ता मिळतो, पहिले तीन महिने निम्म्या पगाराच्या हिशेबानं आणि पुढं तो वाढूही शकतो. विधानसभेनं जुलै 2021 मध्ये 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि जानेवारी 2022 मध्ये निलंबन रद्द करून आले. आमच्या बॉलरनं दोन वर्षं केळीच्या गाड्या भरल्या. त्याला कुणी सुप्रीम कोर्टाचा पत्ता दिला नाही.

‘‘आपल्या नागराजनं तरी दुसरं काय केलं?’’ चहावाला मध्येच बोलला. नागराज मंजुळे याच गावचा. नागपूरच्या विजय बारसे सरांवरून त्यानं 2022 मध्ये ‘झुंड’ काढला, झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलचा. त्या पोरांवर कुठल्या कमिटीनं कधी बंदी घातलेली नव्हती, म्हणून ती उठण्याची तारीखही नव्हती. आम्ही तिघंही जरा वेळ गप्प बसलो. पाहिलेला सिनेमा असा भलत्या वेळी आठवला की अवघड होतं.

शेवटी आबांनी मुद्द्याला हात घातला. ‘‘स्टंपचं राहू द्या. गेल्या ग्रामपंचायतीला हा कुठल्या पॅनलमागं होता?’’

इतका वेळ आम्ही जी नीतिमत्ता हुडकत होतो, ती ही निघाली. चौकशी झाली. पोरगा त्या वेळी सज्ञान नव्हता, मतदार यादीत नावच नव्हतं. आबांचा चेहरा उजळला. गुरुजींनीही संस्काराचा मुद्दा मागं घेतला, कारण गेल्या वर्षी आपण आठ विकेटनी हरलो होतो हे त्यांना कुणीतरी बाजूला नेऊन सांगितलं.

निवड झाली, टीशर्टवर नंबर पडला. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की ज्याच्या डोक्यात स्टंप बसला त्याला आम्ही विचारलंच नाही. त्याची पिठाची गिरणी आहे. कपाळावर तीन टाक्यांची खूण अजून दिसते, पीठ उडून बसलं की जरा जास्तच. गिरणी बंद करून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मुटू, सुआरेझ, रॉस्सीसकट.

‘‘घ्या की,’’ तो म्हणाला, ‘‘पोरगं चांगलं टाकतंय. तेवढा अंपायर दुसरा बघा.’’