आधी पाणी धर, मग प्लास्टिक: हरितगृह अनुदानाच्या नियमास खुले पत्र

नियमा,

तुला ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या उंबरमाळीतून हे पत्र लिहितो आहे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उन्हाळा लागला की विहिरीचा तळ दिसतो. माती वीतभर, खाली काळा कातळ. पाणी थांबणार कुठे? भातसा, तानसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं. आमच्या पाड्यांवर मात्र टँकरची वाट बघतात.

भात, नागली निघाली की इथली घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. दहा गुंठ्यांच्या हरितगृहात ठिबकवर काकडी, ढोबळी मिरची उभी राहिली, तर यातली काही घरं उघडी राहतील. म्हणून हरितगृह आमच्यासाठी चैन नाही आणि म्हणूनच तुझ्यावर राग आहे.

2014 च्या मार्गदर्शक सूचनांत हजार चौरस मीटरच्या पॉलिहाऊसला तू चौरस मीटरला 935 रुपये खर्च धरलास. म्हणजे 9 लाख 35 हजार. त्यातले निम्मे तू देणार. कधी? सांगाडा उभा राहिल्यावर, बिलं जोडल्यावर, तपासणी झाल्यावर. पुढे दर बदलले, रीत तीच राहिली. तोवर सगळी रक्कम शेतकऱ्याने कुठून आणायची? 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा वारशाने मिळतो, पण विकता येत नाही. मग बँक कशाच्या भरवशावर कर्ज देणार? ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे, त्यालाच तुझी मदत पोचते. हा तुझा पहिला गुन्हा.

दुसरा याहून मोठा. तू पाइपची जाडी मोजतोस, प्लास्टिकचे मायक्रॉन मोजतोस. पाणी मात्र शेतकऱ्याने आधीच आणून ठेवावं, ही तुझी अपेक्षा. अरे, हजार चौरस मीटर छतावर अडीच मीटर पाऊस म्हणजे 25 लाख लिटर! पिकाला चौरस मीटरमागे रोज चार लिटर धरले, तरी कोरड्या आठ महिन्यांना दहा लाख लिटर पुरतात. निम्मं पाणी वाया गेलं तरी पीक तरतं. पण ते साठवायच्या शेततळ्याची मंजुरी वेगळी, अस्तरीकरणाची वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळेल याची हमी नाही. तळ्याविना उभं केलेलं पॉलिहाऊस एप्रिलमध्ये तापलेली भट्टीच होतं, आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पन्हळ, अस्तराचं तळं, ठिबक आणि पॉलिहाऊस यांना एकच मंजुरी दे. पैसे टप्प्याटप्प्याने दे आणि पहिला हप्ता तळ्याचा दे. वनपट्टाधारकाच्या कर्जाला सरकारची हमी मिळवून दे.

जूनमध्ये पाऊस पुन्हा येईल. तळं खणायचं तर त्याच्या आधी.

उंबरमाळीचा एक शेतकरी