सर, घड्याळ खिशातच राहिलं

सर,

नाव घालत नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच कळेल. नागपुरातल्या इतर शाळांमध्ये तुमच्यासारखे जे आहेत त्यांनाही कळावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी एक सांगून टाकते. माझी मुलगी तुम्ही निवडलीत. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघात तिचं नाव तिसरं आहे. तेव्हा ‘पोरीला घेतलं नाही म्हणून बाई भांडते’ असं म्हणायची सोय तुम्हाला नाही.

त्या शनिवारी मी मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उभी होते. निवड चाचणी दुपारी चारला सुरू झाली. सव्वीस मुली आल्या होत्या. तुम्ही खुर्चीत बसून दोन तुकड्या पळवल्या, तिसरी अर्धवट थांबवली आणि ‘बस, झालं’ म्हणालात. आठ-नऊ मुली तशाच पाटीवर बसून राहिल्या. पावणेपाचला तुम्ही शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बारा नावं वाचलीत. कागद छापील होता, सर. शनिवारी शाळेचं ऑफिस बाराला बंद होतं. मग ती यादी छापली कधी? चार वाजता आलेल्या सव्वीस मुलींना कशासाठी पळवलंत?

बसून राहिलेल्यांत ती होती. तिचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. आरटीईतून आलेली, सातवीतली, अनवाणी खेळणारी पोट्टी. मधल्या सुट्टीत तिला शिवायला अख्खा वर्ग मागे लागतो आणि ती खांबाजवळ येऊन अशी हुलकावणी देते, की मागची मुलगी थेट पुढे निघून जाते. मी हे गॅदरिंगच्या तयारीच्या दिवसांत तीन वेळा पाहिलं आहे. तुम्ही रोज पाहता. तुम्हाला ती दिसली नाही असं मी मुळीच मानत नाही. ती दिसली होती, म्हणूनच तिला पळू दिलं नाहीत. ती पळाली असती तर त्या छापील कागदाचं काय केलं असतं?

घरी येताना स्कूटीवर माझी मुलगी गप्प होती. मेडिकल चौकाच्या सिग्नलला म्हणाली, “आई, सरनं तिला पळूच नाही दिलं ना.” बारा वर्षांच्या मुलीला जे कळलं, ते बी.पी.एड. झालेल्या माणसाला मी काय समजावून सांगू?

खो-खोच निवडलात याचं जास्त वाईट वाटतं. निवडीला इतका सरळ खेळ दुसरा नाही. नाटकात, नाचात, वक्तृत्वात परीक्षक म्हणू शकतो की मला ही बरी वाटली, ती नाही. इथे घड्याळच बोलतं. मुलगी किती मिनिटं, किती सेकंद टिकली ते गुणपत्रकावर चढतं. वर्तमानपत्रातल्या बातमीतही खेळाडूच्या नावापुढे कंसात संरक्षणाची वेळ आणि बाद केलेले गडी छापतात. तुमच्या गळ्यात शिट्टी होती, खिशात घड्याळ होतं. प्रत्येकीला एकदा पळवून वेळ लिहून घेतली असती तर तासाभरात यादी आपोआप तयार झाली असती आणि कोणाच्या आईबापाला एक शब्द बोलता आला नसता. पण मग त्या बारांत पालक संघाच्या कार्यकारिणीतल्या पालकांच्या चार मुली बसल्या असत्या का? त्यातली एक माझी आहे, म्हणून हा प्रश्न मला विचारायलाच हवा.

सोमवारी मी तुम्हाला भेटले. तुम्ही म्हणालात, “किट, जाणं-येणं धरून अठराशे रुपये लागतात मॅडम. त्या लोकांना झेपत नाही. उगाच मुलीला आशा कशाला लावायची?” म्हणजे तिच्या वतीने नकारही तुम्हीच देऊन मोकळे झालात. तिच्या आईला विचारलंत? मी विचारलं. ती चार घरी पोळ्या करते. म्हणाली, “मले कोणी पैशाचं बोललंच नाही ताई. सरले विचारलं काऊन नाही घेतलं, तर म्हणे पुढच्या वर्षी पाहू.” पुढच्या वर्षी ती आठवीत असेल. आरटीईचा प्रवेश आठवीपर्यंतच आहे.

आणि सर, हा दयेचा विषय नाही, कायद्याचा आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चा. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या 25 टक्के जागा त्यानुसार वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना देतात. 2010 च्या केंद्रीय आदर्श नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे, की या मुलांना पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ यांत इतरांहून वेगळं वागवायचं नाही. खेळ हा शब्द तिथे आहे. वर्गात बाकावर बसू दिलं आणि मैदानात पाटीवर बसवून ठेवलं, तर ते वेगळं वागवणंच झालं.

तुम्ही असंही म्हणालात की शाळेचा एक संघ, त्याचं एवढं काय. एवढं आहे, कारण शासनाच्या शालेय स्पर्धेला मूल एकटं जाऊ शकत नाही. शाळेनं नाव पाठवलं तरच जिल्हा, मग विभाग, मग राज्य. वरच्या पायऱ्यांवर दहावी-बारावीचे क्रीडागुण आहेत, 25 पर्यंत. त्याही पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे. ही सगळी शिडी तुमच्या खिशातल्या कागदापासून सुरू होते. त्या शिडीचा बाजार कसा होतो ते याच शहरानं पाहिलं आहे. ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण उघड झालं, मानकापूर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि अटक क्रीडा खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. तिथे न खेळलेल्यांना खेळाडू ठरवलं. तुम्ही खेळणारीला न खेळलेली ठरवलंत. मला दोन्हींत फार फरक दिसत नाही.

याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजला विजय बारसे नावाचे क्रीडा शिक्षक होते. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत होती, ती त्यांना दिसली. त्यातून 2001 मध्ये ‘स्लम सॉकर’ ही फुटबॉलची संस्था उभी राहिली. नागराज मंजुळेंचा 2022 चा ‘झुंड’ हा सिनेमा त्यांच्यावरूनच आला. बारसे सरांना त्या पोरांची यादी कोणी छापून दिली नव्हती. त्यांनी फक्त थांबून पाहिलं. तुमच्या पेशाचा माणूस तोही, आणि तुम्हीही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली जिंकल्या, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्या शाळेत कोण प्रियांका व्हायचं यावरून भांडण झालं होतं. ते भांडण जिंकली होती तीच मुलगी, जिला तुम्ही पाटीवरून उठू दिलं नाहीत.

मुख्याध्यापकांकडे आज अर्ज दिला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. चाचणी सव्वीसही मुलींची, सगळ्या पालकांसमोर पुन्हा घ्या. प्रत्येकीची वेळ सूचना फलकावर लावा. किटचा खर्च शाळेनं करावा, नाही जमलं तर आम्ही पालक वर्गणी काढू, पण पैशावरून कोणीही गळणार नाही. तोवर माझ्या मुलीचं नाव यादीतून काढावं असंही लिहिलं आहे. ती ओळ तिनंच मला घालायला लावली. पुन्हा चाचणी होईल तेव्हा तीही धावेल आणि तेराव्या क्रमांकावर आली तर बाहेर बसेल.

या शनिवारी चार वाजता आम्ही मैदानावर येतो आहोत. ती आणि तिची आईही येणार आहेत. तुम्ही घड्याळ घेऊन या.

— एक पालक, नागपूर