साडूभाऊंचं नरसाळं

जेवताना फोन पालथा ठेवतो तो सभ्य माणूस. उताणा ठेवतो तो एक तर डॉक्टर, नाही तर आमचे साडूभाऊ. उजव्या हातात वरणभाताचा घास आणि डाव्या हाताचा अंगठा स्क्रीनवर. पडदा खाली ओढायचा, ते गोल चक्र फिरायचं थांबेपर्यंत घास तसाच तोंडात, आकडा हलला नाही की मग गिळायचा. "मिळकतीचं माहीत नाही," मेव्हणी म्हणते, "पण घास बत्तीस वेळा चावायची सवय लागली ह्यांना."

साडूभाऊ सांगलीच्या एका पतसंस्थेत आहेत. दिवसा थकबाकीदारांना नोटिसा धाडतात आणि रात्री ॲफिलिएट मार्केटिंग करतात. म्हणजे दुसऱ्या कुणी तरी बनवलेला ऑनलाइन कोर्स किंवा ई-बुक, गूगलवर पदरच्या पैशाने जाहिरात देऊन, तिसऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि कमिशन घ्यायचं. याआधी त्यांनी एमू पाळले होते. मग साखळीतला साबण विकला. त्याचे दोन खोके अजून माळ्यावर आहेत आणि पाहुण्यांच्या बाथरूमला पुरतात. त्यांना लोभी म्हणणं मात्र अन्याय होईल. लोभी माणूस आधी हिशेब करतो.

कमिशनचा आकडा ऐकून कुणाचेही डोळे फिरतील, हे मान्य. १९९८ पासून चालू असलेल्या क्लिकबँक या अमेरिकी ऑनलाइन बाजारात ७५ टक्क्यांपर्यंत कमिशन देणारे विक्रेते आहेत. कारण साधं आहे: ई-बुकाची दुसरी प्रत काढायला छदाम लागत नाही, तेव्हा मालक उदार व्हायला मोकळा. जाहिरातीचा खर्च साडूभाऊंच्या कार्डावर.

आमचे सासरे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. दिवाळीत साडूभाऊंनी त्यांना हा धंदा समजावून सांगितला. फनेल म्हणजे नरसाळं. वरून शंभर लोक ओतायचे, खालून गिऱ्हाईक बाहेर पडतं. सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे अडतच की जावईबापू. आम्हीही दुसऱ्याचाच माल विकायचो."

"अगदी बरोबर, मामा!"

"पण गाळ्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकामागे आम्ही पंधरा रुपये मोजत नव्हतो."

साडूभाऊ म्हणाले, तो खर्च नाही, ती डेटामधली गुंतवणूक आहे. मेव्हणी तोवर दुधाची वही घेऊन आली होती. कोर्स हजाराचा, कमिशन निम्मं, म्हणजे ५००. क्लिक १५ रुपयांची. शंभर क्लिकचे १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,७७०. "म्हणजे शंभरात चार जणांनी घेतला तर आपले २३० सुटणार," तिने पेन्सिल कानावर ठेवली. "किती जण घेतात?"

"सध्या एक," साडूभाऊ म्हणाले. "पण ट्रेंड चांगला आहे." त्या एकानेही मुदतीत पैसे परत मागितले तर कमिशनही परत जातं, हे त्यांनी मला नंतर जिन्यात, हळू आवाजात सांगितलं.

उरलेले नव्याण्णव कोण, याची यादी गूगल देतं. साडूभाऊंनी ती मला दाखवली. कोर्स इंग्रजी बोलायला शिकवणारा. आलेल्यांनी शोधलं काय होतं? 'इंग्लिश मीडियम शाळा फी', 'इंग्लिश स्पीकिंग फ्री पीडीएफ', आणि एकाने 'इंग्रजीत रजेचा अर्ज'. या तिसऱ्याला खरी गरज होती, पण ती रजेची. साडूभाऊंनी ब्रॉड मॅच ठेवला होता. म्हणजे शब्दाच्या आसपास जो फिरकेल त्याला आत घ्यायचं. पुढे 'फ्री' हा शब्द त्यांनी वगळला, तर गर्दीच आटली. मग त्यांनी थेट कोर्सच्या नावावर, म्हणजे ते नाव शोधणाऱ्यांसाठी, बोली लावली. तिथे खरेच विकत घेणारे सापडले! पण 'आमच्या नावावर बोली लावायची नाही', असं कोर्सच्या कंपनीच्या अटींत होतं. ते कमिशन अडकलं ते अडकलंच. कंपनीचंही काय चुकलं? दारात येऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला आत ढकलायला दलाल कशाला हवा?

झोपेत पैसे येतात, हे या धंद्याचं ब्रीद. साडूभाऊ मात्र पहाटे तीनला उठून जाहिरात 'पॉज' करतात. त्यालाही कारण घडलं. दिवसाचं बजेट ३०० ठेवलेलं, आणि एका सकाळी ६०० उडालेले. विचारलं तर कळलं की गूगल एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं. महिन्याची बेरीज ३०.४ दिवसांच्या बजेटबाहेर जात नाही, एवढीच हमी. ३०.४ दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात असतो, हे सासऱ्यांनी दोनदा विचारलं.

यात पैसे कुणालाच सुटत नाहीत असं नाही. माल वर्गणीचा असेल, एकदा आणलेल्या गिऱ्हाइकावर महिनोन्‌महिने कमिशन मिळत असेल, तर १५ रुपयांची क्लिक परवडते. सुरुवातीचे दिवसही बरे होते म्हणतात. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने हे जाहिरातीचं दुकान मांडलं तेव्हा गिऱ्हाइकं ३५० होती. साडूभाऊ त्या साली बारावीला दुसऱ्यांदा बसले होते. पुढे एकाच मालाच्या एकाच पानावर इतके दलाल तुटून पडले, की जानेवारी २००५ मध्ये एका शोधात एका पत्त्याची एकच जाहिरात दाखवायची, असा नियम करावा लागला. आता बोली लावणाऱ्यांत तर खुद्द मालकच असतो, आणि त्याला कमिशनची वाट बघायची नसते. कुणीही जिंको, क्लिकचे पैसे गूगलच्या गल्ल्यात. माझ्या मते सांगलीच्या बाजारात ज्याला खरा अडत्या म्हणतील तो एवढाच.

साडूभाऊंचा एका दिवसातला सर्वांत मोठा तोटा मात्र बाजाराने नव्हे, नातेवाइकांनी केला. त्यांनी कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकलं: 'गूगलवर अमुक शोधा, माझी जाहिरात दिसेल.' मिरजेच्या आत्यांनी शोधली, दिसली, दाबली. इस्लामपूरच्या मामांनी दाबली. सासूबाईंनी तर जावयाचं पहिलं दुकान म्हणून आधी फोनला हळदकुंकू लावलं आणि मग दाबली. संध्याकाळपर्यंत ४१ क्लिका आणि ४१ अंगठे. कोर्स कुणीच घेतला नाही. घरात इंग्रजी येणारेच सगळे. जीएसटी धरून ७२५ रुपये ७० पैसे. दुधाच्या वहीत मेव्हणीने ती रक्कम 'आहेर' या सदराखाली लिहिली आहे.

गेल्या महिन्यात साडूभाऊंनी ४,९९९ रुपयांचा एक कोर्स केला. विषय: जाहिरात देऊन कमिशन कसं कमवावं. त्या कोर्सलाही कमिशन आहे, ५० टक्के, आणि सोमवारपासून साडूभाऊंनी त्याचीच जाहिरात सुरू केली आहे. क्लिक आता २२ रुपयांना पडते. तेव्हा वाचकहो, घरबसल्या कमवायला शिकवणारी एखादी जाहिरात गूगलवर दिसलीच, तर कृपा करून निव्वळ उत्सुकतेपोटी बोट लावू नका. ती आमच्या साडूभाऊंची असू शकते.