समन्वयक सर

राष्ट्रीय सण समितीचा समन्वयक महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत, त्यातही तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयांत, हमखास आढळतो. त्याचा विषय कोणताही असू शकतो. संशय आधी मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र या विभागांवर जातो, पण वनस्पतिशास्त्राचा माणूसही नेमला गेल्याची उदाहरणे आहेत. वर्षाच्या सुरुवातीला समित्यांचे वाटप होत असताना जो रजेवर असतो किंवा नेमका तेव्हाच चहाला गेलेला असतो, त्याच्या नावापुढे ही समिती लागते. एकदा लागली की सुटत नाही. पहिल्याच वर्षी त्याच्या मोबाइलमध्ये फ्लेक्सवाला, हारवाला आणि साउंडवाला असे तीन नंबर जमा होतात, आणि हे तीन नंबर ज्याच्याकडे आहेत त्याला मोकळे करण्याचे धाडस कोणी प्राचार्य करत नाही.

पंधरा ऑगस्टला तो कामात असतोच, पण त्याचा खरा हंगाम जानेवारीचा. १२ तारखेला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती, १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २५ ला राष्ट्रीय मतदार दिन आणि २६ ला प्रजासत्ताक दिन. प्रत्येकाचे परिपत्रक वेगळे येते आणि प्रत्येकात ‘विविध स्पर्धांचे आयोजन करावे’ असे वाक्य असते. भाग घेणारी मुले मात्र सगळीकडे तीच. यावर अनुभवी समन्वयकाने शोधलेला उपाय साधा आहे. निबंध स्पर्धा एकदाच घ्यायची, विषय ‘लोकशाही, मायबोली आणि आजचा युवक’ असा तिन्ही घरचा ठेवायचा, आणि मुले खाली मान घालून लिहीत असताना त्यांच्या मागचा फ्लेक्स तीनदा बदलून फोटो काढायचे. मुलांना फक्त एवढेच सांगावे लागते की मधल्या फोटोच्या वेळी स्वेटर काढून ठेवा.

या खटाटोपाचे मूळ बंगळुरूत आहे. १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही संस्था महाविद्यालयांचे मूल्यांकन करते. तिच्या अनेक वर्षे चाललेल्या पद्धतीत सात निकष होते आणि सातव्यात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दिन साजरे करण्याला जागा होती. तेव्हापासून दिन साजरा होणे आणि दिन साजरा झाल्याचे दिसणे या दोन कामांची फारकत झाली, आणि दुसरे काम समन्वयकाकडे आले. फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटलेली असावी लागते. प्राचार्यांचा हात झेंड्याच्या दोरीला लागण्याआधी समन्वयकाचा हात मोबाइलच्या लोकेशनच्या बटणाला लागतो, तो यामुळे.

फ्लेक्सचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. यंदाचा दिन कितवा? १५ ऑगस्ट २०२२ रोजी स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली, पण स्वातंत्र्यदिन मात्र ७६ वा होता, कारण १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला. वर्धापनदिन म्हणाल तर एक आकडा, दिन म्हणाल तर पुढचा. दोन्ही बरोबर असल्यामुळे स्टाफरूममध्ये दोन तट पडतात आणि गणित विभाग तटस्थ राहतो. मुरलेला समन्वयक आकड्याची जागाच कोरी सोडून फ्लेक्स छापून घेतो आणि त्यावर दरवर्षी नवा कागद चिकटवतो. चार-पाच वर्षांनी त्या जागी कागदाचा चांगला जाडसर थर तयार होतो. प्रजासत्ताकाचे वय तिथे बोटाने चाचपता येते.

स्पर्धांपैकी निबंधाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सगळे एकाच मोबाइलमधून उतरलेले असतात आणि परीक्षक अक्षर पाहून क्रमांक देतात. वक्तृत्वात दोन वर्ग पडतात. एक स्थानिक, जो ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून ‘माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत न अडखळता जातो, मधले विसरतो. दुसरा बाहेरून एसटीने आलेला व्यावसायिक स्पर्धक. त्याला फिरता करंडक, रोख रक्कम आणि परतीच्या गाडीची वेळ एवढीच माहिती हवी असते. त्याचे भाषण एकच असते. विषय संविधानाचा असो की पर्यावरणाचा, चौथ्या मिनिटाला त्याचा आवाज कापरा होतो आणि सहाव्या मिनिटाच्या इशाऱ्याच्या घंटेवर मूठ वर जाते. समन्वयक त्याला ओळखून असतो. तरी त्याच्या येण्याने स्पर्धा ‘आंतरमहाविद्यालयीन’ होते, म्हणून त्याच्या चहाची सोय वेगळी ठेवली जाते.

समूहगीताच्या वेळी समन्वयक स्वतः निवेदन करतो आणि इतिहासाच्या प्राध्यापकांचा चेहरा तिथे हळूहळू बदलत जातो. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे स्वातंत्र्यलढ्यातले गीत म्हणून पुकारले जाते. ते १९६२ च्या चीन युद्धानंतरचे. लता मंगेशकरांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत ते प्रथम गायले आणि चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या माणसाची. इतिहासाचे प्राध्यापक हे समन्वयकाच्या कानात सांगतात. पुढच्या वर्षी निवेदनात पुणतांबे येते, लढा मात्र तोच राहतो.

रांगोळी स्पर्धेत खरी अक्कल पणाला लागते. पहिला पेच कायद्याच्या अंगाने येतो. राष्ट्रध्वज जमिनीला टेकता कामा नये. मग फरशीवर काढलेला चालेल का? समन्वयक प्राचार्यांना विचारतो, प्राचार्य ‘तुम्हीच बघा’ म्हणतात. तो बघतो आणि विषय बदलून ‘तिरंगी संकल्पना’ असा करतो. परिणामी कबुतरे, मशाली, शेतकरी आणि भारताचे नकाशे तीन रंगांत अवतरतात. नकाशात अंदमान-निकोबार कोणीतरी आठवणीने ठिपके देऊन काढते, लक्षद्वीप बहुधा समुद्रातच राहते.

दुसरा पेच अशोकचक्राचा. ते कोणत्याही संकल्पनेतून वगळता येत नाही आणि त्याला २४ आरे असावे लागतात. मुली ताट उपडे ठेवून वर्तुळ काढतात, अधिक चिन्हासारखे चार आरे ओढतात आणि मग प्रत्येक फटीत एकेक घालत जातात. चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस. या वाटेने चोवीस येत नाहीत, कितीही देशप्रेम असले तरी. गणिताची एखादी विद्यार्थिनी मात्र वर्तुळाची त्रिज्या दोऱ्याने मोजते, त्याच दोऱ्याने परिघावर सहा खुणा करते, मग सहाचे बारा आणि बाराचे चोवीस. तिला पहिला क्रमांक मिळावा असे कोणालाही वाटेल. मिळतो तो बत्तीस आऱ्यांच्या मोराला, कारण परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्यांनी रंगसंगती पाहिलेली असते. एखादा परीक्षक आरे मोजायला खाली वाकला, तर समन्वयक तेवढ्यात त्याला चहाला नेतो.

प्रश्नमंजुषा २०२० च्या टाळेबंदीपासून गुगल फॉर्मवर गेली ती परत आली नाही. प्रश्न वीस, उत्तीर्ण होण्याची अट चाळीस टक्के, आणि प्रमाणपत्र ताबडतोब ई-मेलवर. राष्ट्रध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, संविधान स्वीकारले २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, मूळ कलमे ३९५ ही उत्तरे लिंकच्या आधी व्हॉट्सअॅपवर पोहोचलेली असतात. लिंक फिरत फिरत गोव्यातल्या एखाद्या मावसबहिणीने भरली की स्पर्धा ‘राष्ट्रीय स्तरावरील’ ठरते. प्रमाणपत्रावर नाव स्पर्धकाने टाइप केले तसेच येते, त्यामुळे काही प्रमाणपत्रे ‘आई मोबाइल’ या विद्यार्थिनीच्या नावावर आहेत.

प्रत्यक्ष २६ जानेवारीची सकाळ त्या मानाने सोपी. पंधरा ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात. २६ जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो आणि दोरी ओढून फडकवायचा असतो. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही. गाठ कशी मारायची हे महाविद्यालयात फक्त शिपाईमामांना ठाऊक असते. मामा निवृत्त व्हायला किती वर्षे उरली, याचा हिशेब समन्वयक स्वतःच्या निवृत्तीपेक्षा बारकाईने ठेवतो. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात आणि दिवसभराच्या कार्यक्रमात वेळेत संपणारी ती एकच बाब. पुढे प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अध्यक्षीय समारोप आणि आभार मिळून ऊन डोक्यावर आणतात. उत्तेजनार्थ बक्षिसे चढत्या क्रमाने वाढतात, कारण रडणाऱ्या मुलीसाठी समन्वयकाच्या बॅगेत तीन कोरी प्रमाणपत्रे सही करून ठेवलेली असतात. ही एक गोष्ट तो कोणत्याही परिपत्रकाशिवाय करतो.

अहवाल आदल्या रात्रीच तयार असतो. त्यात ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य कायम, संख्या तेवढी नंतर भरायची. शेवटचा टप्पा बिलांचा. फ्लेक्सचे बिल असते, हारांचे असते, साउंडवाल्याचे शिक्क्यासकट असते. जिलेबीचे नसते. चौकातल्या जिलेबीवाल्याने सकाळी सातला पाच किलो जिलेबी वर्तमानपत्रात बांधून दिलेली असते आणि त्याच्याकडे पावतीपुस्तक नाही. लेखापाल जीएसटी क्रमांक मागतात. जी एकच गोष्ट सर्व उपस्थितांपर्यंत खात्रीने पोहोचली, तिचा पुरावा नाही. समन्वयक दोन-तीन हेलपाटे घालतो, मार्चअखेर जवळ आली की नाद सोडतो आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरतो. घरी ते ‘पेट्रोल’ म्हणून सांगितले जाते.