अठरा पेन्सांचे उपकार

जागतिक मंदीत भली भली सरकारे भांबावली. हिंदुस्थान सरकार भांबावले नाही, याची नोंद आपण नागरिकांनी कृतज्ञतेने ठेवायला हवी. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. पण रोखीत ठरलेला शेतसारा बाजारभावाच्या मागे धावण्याइतका उथळ नव्हता.

रुपयाही तसाच बाणेदार. हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीवरून १९२७ मध्ये त्याची किंमत १८ पेन्स ठरली. कमिशनवरचे मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास १६ पेन्सांसाठी अडून बसले होते. पण ते पडले कापसाचे व्यापारी, त्यांना कापसातले काय कळणार? विलायतेत १८ पेन्सांना गेलेल्या कापसाचे जुन्या दराने एक रुपया दोन आणे झाले असते, नव्या दराने बरोबर रुपया झाला. वरच्या दोन आण्यांनी कुणबी बिघडतो. शिवाय हिशेब सोपा. १९३० च्या जानेवारीत गांधींनी ११ मागण्या मांडल्या, त्यांत १६ पेन्सही होते आणि निम्मा शेतसाराही. पुढे मे महिन्यात सरकारने त्यांची येरवड्याला विश्रांतीची सोय केली.

खरे मुत्सद्दीपण दिसले ते सप्टेंबर १९३१ मध्ये. ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, आणि रुपया मात्र त्या मोकळ्या पौंडाला १८ पेन्सांनीच बांधलेला राहील, असे भारतमंत्री सॅम्युअल होअर यांनी लंडनहून कळवले. शिमल्यातल्या हिंदुस्थान सरकारला विचारत बसण्यात वेळ दवडला नाही. २१ रुपये तोळ्याचे सोने काही महिन्यांत तिशीच्या घरात गेले. सोन्याची निर्यात थांबवा, असा गलका झाला. पण आपली वस्तू विकण्याचे रयतेचे स्वातंत्र्य हिरावून घेणे सरकारला पटेना. मूठभर मीठ उचलणाऱ्याला तुरुंग दाखवणाऱ्या सरकारची ही स्वातंत्र्यप्रीती विशेष उठून दिसते.

मग गावोगावच्या पेट्या उघडल्या. जोंधळ्याला गिऱ्हाईक नाही, सावकार नवे कर्ज देईना, आणि साऱ्याचा हप्ता तोंडावर. पुतळ्या गेल्या, पाटल्या गेल्या, सासूकडून आलेली वज्रटीक गेली. मुंबईत त्यांच्या लगडी झाल्या आणि बोटीने लंडनला पोहोचल्या. ते दशक संपेपर्यंत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने असे देशाबाहेर गेले. याला कोणी लूट म्हणतात. तोळ्यामागे आठ-नऊ रुपये सुटत असताना लूट कसली? विकणारा नफ्यातच होता. सरकारी हिशेब तरी तसेच सांगत होता. नफ्याचे पैसे घरी नेण्याची तसदीही त्याला पडली नाही, ते तलाठ्याच्या चावडीतच संपले.

बायकांच्या मानेवरचा भार उतरला, ही गोष्ट तर कोणत्याही समाजसुधारकाला साधली नव्हती. सारा भरल्याची पावती मिळाली, ती रिकाम्या डब्यात जपून ठेवता आली. चोराचिलटांची भीती उरली नाही. रात्री दार लोटून घेतले तरी पुरे, कडी लावायची गरज नाही.