चाच्यांच्या बोलीचा दिवस

दरवर्षी १९ सप्टेंबरला अनेक देशांतील सुशिक्षित, वेळेवर कर भरणारी माणसे समुद्री चाच्यांसारखी बोलतात. या सणाला शास्त्राधार नाही, कुळकथा मात्र आहे. ६ जून १९९५ रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात जॉन बाऊर आणि मार्क समर्स हे मित्र रॅकेटबॉल खेळत होते. एकाला लागले, तोंडून चाच्यासारखे ‘आर्र’ निघाले, आणि सणाची प्राणप्रतिष्ठा झाली. मुहूर्त विचारपूर्वक काढला गेला. ६ जून हा नॉर्मंडीच्या लढाईचा स्मरणदिन, तिथे थट्टा नको. म्हणून समर्स यांच्या घटस्फोटित पत्नीचा वाढदिवस निवडला, कारण ती तारीख लक्षात होती आणि आता मोकळीही होती. (कोणत्याही पंचांगकर्त्याने मुहूर्ताचे कारण इतक्या प्रामाणिकपणे सांगितलेले नसेल.) भक्तमंडळी आधी मूठभरच राहिली, मग २००२ मध्ये विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी यांनी लेख लिहिला आणि संप्रदाय वाढला.

ते ‘आर्र’ही कोणत्या जहाजावरचे नव्हे. ‘ट्रेझर आयलंड’ या १९५० च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने नैऋत्य इंग्लंडच्या बोलीला फोडणी देऊन ते रूढ केले. खरे चाचे नाना देशांचे, नाना भाषांचे होते. इंग्रजांच्या लेखी तर मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रेही चाचेच. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे ते परवाना मागत, एवढा त्यांचा गुन्हा. तो हिशेब धरला, तर १९ सप्टेंबरला मराठी बोलूनही सण साजरा होतो.